अलायनरची बटणं नक्की कशासाठी? (एका पीजीची कबुली)

टिचकी | ९ जुलै, रात्री ११:२०

मी पीजी, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थिनी. एमडीएस ऑर्थोच्या (वाकडे दात सरळ करण्याच्या शाखेच्या) तिसऱ्या वर्षाला आहे, मुंबईत. कॉलेजचं नाव कृपया विचारू नका. चूक माझी आहे आणि ती मला एकटीला पुरून उरेल एवढी आहे.

गेल्या बुधवारी माझी एक पेशंट आली. बँकेत काउंटरवर बसते, वय तिशीच्या आसपास. डीप बाइटची केस आहे. तोंड मिटलं की खालचे पुढचे दात वरच्या दातांमागे पार गडप होतात आणि टाळूकडच्या हिरडीला टोचतात. हे खालचे चार दात हाडात थोडे खाली दाबायचे, म्हणजे आमच्या भाषेत इंट्रूजन, असा प्लॅन. सातवा अलायनर, म्हणजे दात हलवणारं प्लास्टिकचं आवरण, चालू आहे. तोंड उघडून बघते तर खालचा अलायनर प्रीमोलरपाशी, म्हणजे सुळ्यामागच्या दोन दातांवर, नीट बसलेलाच नाही. दाताचं टोक आणि प्लास्टिक यांच्यात फट. बोटाने दाबला की बसतो, बोट काढलं की टक् करून वर.

आमचं ठरलेलं पहिलं वाक्य मी टाकलं, "दिवसातून किती तास घालता?" बिचारीने फोन पुढे केला. रोजच्या वेळा लिहिलेल्या. एकवीस तासांच्या खाली एकही दिवस नाही.

मग मी मूळ प्लॅन उघडला. टेक्निशियनने पाठवलेल्या पहिल्या आराखड्यात खालच्या चारही प्रीमोलरवर अटॅचमेंट, म्हणजे दातावर चिकटवायची बटणं, होती. ती मीच काढून टाकली होती. पेशंट म्हणाली होती, बटणं जमेल तेवढी कमी लावा, काउंटरवर माणसं तोंडाकडेच बघतात. आणि मी विचार केला की हे दात तर हलायचेच नाहीत, मग त्यांच्यावर बटण कशाला? चार वेळा डिलीट, आणि प्लॅन मंजूर.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी: अलायनर म्हणजे दातांवर घट्ट बसणारं पारदर्शक प्लास्टिकचं आवरण. प्रत्येक जोडी आधीच्या जोडीपेक्षा किंचित वेगळी, दाताला साधारण पाव मिलिमीटर पुढे नेणारी. आठवड्या-दोन आठवड्यांनी जोडी बदलायची. दातांवर दाताच्याच रंगाच्या कंपोझिटचे बारीक उंचवटे चिकटवतात, ती अटॅचमेंट. पेशंट त्यांना बटणं म्हणतात, दाणे म्हणतात. एका आजोबांनी टेंगूळ म्हटलं होतं.

खरी लाज पुढे आहे. दुसऱ्या वर्षाला मी याच विषयावर सेमिनार दिला होता. आयताकृती, लंबगोल, उतरती कड असलेलं, ऑप्टिमाइज्ड, सगळे प्रकार घडाघडा. टाळ्याही मिळाल्या. आणि परवा पेशंटने विचारलं, "मग आता का बसत नाहीये?" तर मला उत्तर येईना. नावं पाठ होती, काम माहीत नव्हतं.

इथे डॉक्टर बरेच आहेत, इंजिनिअर त्याहून जास्त. तुम्हाला हे कसं समजलं, कधी समजलं, ते लिहाल का?

---

सव्वाआठची_फास्ट | ९ जुलै, रात्री ११:५२

डॉक्टर नाही, पेशंट आहे. माझ्या तोंडात चौदा बटणं आहेत. पहिल्याच दिवशी डोंबिवली ते दादर ओठाच्या आतून जीभ फिरवत बसले होते, समोरच्या काकूंना वाटलं मी त्यांना वेडावतेय.

एवढं सांगते, की आम्हाला कोणी काही समजावत नाही. मला वाटायचं हे दात झिजू नयेत म्हणून लावतात. हळदीने पिवळी झाली तेव्हा घासून घासून पांढरी करायला गेले, तर डॉक्टर ओरडले की कड झिजली तर उपयोग संपला. हे आधी सांगायला काय झालं होतं?

(अलायनर काढून टिश्यूत गुंडाळू नका. माझा एक जोड वडापावच्या कागदाबरोबर कचऱ्यात गेला आहे.)

---

अनुस्वार | १० जुलै, सकाळी ७:१०

उत्तम धागा. अवांतर: अटॅचमेंटला मराठी शब्द हवा. 'पकडबिंदू' कसा वाटतो?

---

सव्वाआठची_फास्ट | १० जुलै, सकाळी ७:३१

पोलिसांनी लावलेली नाकाबंदी वाटतेय.

---

नटबोल्ट | १० जुलै, सकाळी ९:४५

मेकॅनिकलवाला आहे, दातांचं शून्य ज्ञान. पण टिचकी, तुमचा प्रश्न दातांचा नाहीच.

पावसाळा आहे म्हणून ताडपत्रीचंच उदाहरण घेऊ. चाळीच्या गच्चीवर ताडपत्री ताणून चारी बाजूंनी बांधली आहे. मध्ये पाणी साचलं म्हणून तुम्ही खालून बांबूने ती वर रेटता. बांबू ताडपत्रीला वर ढकलतो तेव्हा ताडपत्रीही बांबूला तेवढ्याच जोराने खाली दाबते. आता सगळ्यात आधी कुठली गाठ सुटेल? बांबूच्या सगळ्यात जवळची. ती गाठ पक्की असेल तर ताडपत्री जागेवर राहते आणि दाब बांबूवर येतो. गाठ ढिली असेल तर ताडपत्रीच उचलली जाते आणि बांबूवर काहीच दाब राहत नाही.

तुमचे पुढचे चार दात म्हणजे बांबू. प्लास्टिक त्यांना खाली दाबतंय, ते प्लास्टिकला वर ढकलताहेत. प्रीमोलर म्हणजे शेजारची खुंटी. तुम्ही खुंटीवरची गाठच सोडलीत. 'जो दात हलणार नाही त्याला कशाला?' असं तुम्ही म्हणता, पण खुंटी कधी हलते का? ती हलत नाही म्हणूनच तिला बांधायचं.

---

टिचकी | १० जुलै, दुपारी १:०५

नटबोल्ट, मी कॅन्टीनमध्ये चहाचा ग्लास हातात धरून हे तीन वेळा वाचलं. न्यूटनचा तिसरा नियम मी बारावीत लिहून आले होते हो. एमडीएसमध्ये अँकरेज (एक दात हलवताना आधार कशाचा घ्यायचा) या शब्दावर चार तास लेक्चर झालं, ब्रॅकेटच्या, म्हणजे तारेच्या, केसमध्ये मी अँकरेजचा विचार केल्याशिवाय वायर उचलत नाही. पण समोर स्क्रीनवर प्लास्टिक आलं आणि हा विचार कुठे गेला कोण जाणे.

---

जुनाट | १० जुलै, दुपारी २:३०

कुठे गेला ते मी सांगतो. माऊसमध्ये गेला.

आमच्या वेळी पहिले सहा महिने टायपोडोंटवर, म्हणजे सरावाच्या नकली जबड्यावर, मेणात रोवलेले दात हलवायचो. वायर वाकवताना बोटांना कळायचं की हा बेंड या दाताला फिरवेल आणि शेजारच्याला उलटा झटका देईल. आता प्लॅन कंपनीचा, अटॅचमेंट कंपनीची, पोरांनी फक्त 'ओके' दाबायचं. आणि हाती काय लागतं? २००९ साली क्राविट्झ आणि सहकाऱ्यांनी मोजलं होतं. पुढच्या दातांची जेवढी हालचाल पडद्यावर दाखवली, त्यातली सरासरी ४१ टक्के प्रत्यक्षात झाली. म्हणजे निम्मीसुद्धा नाही. हे शास्त्र?

---

शिवाजीपार्कवासी | १० जुलै, रात्री १०:४०

जुनाट, आकडा बरोबर आहे, पण अर्धाच सांगितलात. २०२० मध्ये तसाच अभ्यास पुन्हा झाला, तेव्हा सरासरी ५० टक्क्यांवर गेली होती. आणि हा हिशेब पहिल्या संचाचा असतो, उपचाराच्या शेवटाचा नव्हे. मधे रिफाइनमेंट होतात, पुन्हा स्कॅन होतो, नवे अलायनर येतात. वायरच्या केसमध्ये आपण दर महिन्याला बेंड मारायचो, ती रिफाइनमेंट नव्हती तर काय होतं?

पण तुमच्या आकड्यातच धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ती सरासरी आहे. २००९ च्या त्या अभ्यासात सगळ्यात वाईट कामगिरी एक्स्ट्रूजनची होती, जेमतेम ३० टक्के. म्हणजे दात हाडातून बाहेर ओढणं. विचार करा, गुळगुळीत दातावर गुळगुळीत प्लास्टिक. ढकलायला ते उत्तम. ओढायला त्याच्याकडे हातच नाही. साबण लावलेल्या हाताने ओलं अंडं उचलून बघा. गोल दात फिरवायचा तरी तीच गत, खालचा प्रीमोलर हा जवळजवळ दंडगोल. प्लास्टिक त्याच्याभोवती नुसतं फिरतं. सेंट्रल म्हणजे वरचे पुढचे दोन मोठे दात चपटे, त्यांना प्लास्टिक दोन्ही बाजूंनी धरू शकतं, म्हणून ते बटणाशिवायही बऱ्यापैकी फिरतात.

मी दादरला पंचवीस वर्षं प्रॅक्टिस करतो आणि अधूनमधून पीजींना शिकवायला जातो. पोरांचा घोळ मला तीन जागी दिसतो.

पहिला टिचकीचाच. अटॅचमेंट जिथे, हालचाल तिथे, असं ते धरून चालतात. खरं तर बटणाला तीन वेगळी कामं असतात. कधी ते दाताला धक्का घेण्यासाठी पृष्ठभाग देतं. कधी प्लास्टिक निसटू नये म्हणून नुसतं धरून ठेवतं. आणि कधी शेजारच्या हालचालीची प्रतिक्रिया अंगावर घेतं. स्क्रीनवर तिन्ही सारखीच दिसतात. त्यामुळे दिसण्यावरून उडवलं की कुठलं काम उडालं ते कळत नाही.

दुसरा घोळ. पोरं म्हणतात, "सर, अटॅचमेंट दाताला फिरवतं." नाही रे बाबांनो. अटॅचमेंट काही करत नाही. ते कंपोझिटचं निर्जीव ढेकूळ आहे. करतं ते प्लास्टिक. ब्रॅकेटही काही करत नव्हता, करायची ती वायर. ०.०२२ इंचाच्या खाचेत वायर बसवल्याशिवाय ब्रॅकेट म्हणजे दातावर चिकटवलेली शोभेची वस्तू. पोरांना हे ब्रॅकेटच्या बाबतीत पक्कं ठाऊक असतं.

तिसऱ्याबद्दल उद्या लिहितो. बायको म्हणतेय दिवा बंद करा.

---

डिजिटल_उंदीर | ११ जुलै, सकाळी ८:२०

जुनाटकाका ज्या माऊसला शिव्या घालताहेत त्यामागचा उंदीर मी आहे. बीडीएस केलं आणि गेली चार वर्षं अलायनरचे प्लॅन बनवते. कंपनी सांगणार नाही.

आम्ही कुठलंही अटॅचमेंट मनाने लावत नाही. कोणत्या हालचालीला कोणतं, याचे नियम सॉफ्टवेअरमध्ये आहेत, दात ठरावीक अंशापेक्षा जास्त फिरणार असेल तर ते आपोआप उगवतं. मग आम्ही बघतो की समोरच्या दाताला आपटतंय का, हिरडीत घुसतंय का. पण पेशंट कसा आहे, त्याचा दात मुळात किती हलतो, त्यावर कॅप आहे का, हे आम्हाला काय माहीत? ते डॉक्टरने सांगायचं.

आणि डॉक्टरांकडून शेरा काय येतो? "अटॅचमेंट कमी करा." बस. कोणतं कमी करू, का करू, काही नाही. नवीन डॉक्टरांचं तर हमखास. मी एकदा उलट लिहिलं होतं की लॅटरलवरचं (वरच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारच्या दातावरचं) काढलं तर तो दात खाली यायचा नाही. उत्तर आलं, "पेशंट प्रिफरन्स." सहा महिन्यांनी तीच केस रिफाइनमेंटला परत. कोणता दात मागे राहिला होता ते ओळखा.

टिचकी, तुमच्या केसमध्ये टेक्निशियनने काही शेरा लिहिला होता का?

---

टिचकी | ११ जुलै, सकाळी ८:५८

लिहिला होता. आत्ताच जाऊन बघितलं. "प्रीमोलर अटॅचमेंट अँकरेजसाठी, ठेवावीत अशी शिफारस." मी तो वाचलाच नव्हता.

---

डिजिटल_उंदीर | ११ जुलै, सकाळी ९:०१

🙂

---

वायरवाकड्या | ११ जुलै, दुपारी १२:१५

पहिल्या वर्षाचा पीजी. प्रश्न मूर्खपणाचा असेल तर माफ करा. एक्स्ट्रूजनच्या अटॅचमेंटला उतार असतो, तो हिरडीच्या बाजूला की दाताच्या टोकाच्या बाजूला? प्रत्येक सीनियर वेगळं सांगतो आणि प्रत्येक जण छातीठोक सांगतो.

---

शिवाजीपार्कवासी | ११ जुलै, दुपारी ३:३५

वायरवाकड्या, हा प्रश्न मूर्खपणाचा नाही, याच प्रश्नावर मी पोरांना तोंडी परीक्षेत अडकवतो.

पाठ करू नका. पेन्सिल घ्या आणि वरच्या लॅटरलचं बाजूने दिसणारं चित्र काढा. वर हिरडी, खाली टोक. दाताला खाली आणायचं आहे, म्हणजे बाण खाली. प्लास्टिकने कुठल्या पृष्ठभागावर दाबलं तर दात खाली येईल? ज्या पृष्ठभागाचं तोंड वर आहे त्यावर. म्हणजे काम करणारा उतार हिरडीकडे बघणारा हवा. प्लास्टिक वरून त्याला खाली ढकलेल. घसरगुंडी उलटी केलीत तर प्लास्टिक टोकाकडच्या उतारावरून सरळ निसटून जाईल. एकदा चित्र काढलंत की सीनियरची गरज नाही.

आता कालचा तिसरा मुद्दा राहिला होता. तो हाताचा आहे, डोक्याचा नाही, आणि यावर सेमिनारमध्ये कोणी बोलत नाही. प्लॅन उत्तम असतो, चिकटवताना वाट लागते.

कंपनीकडून पातळ टेम्प्लेट येतं, त्यात बटणांच्या आकाराचे खोलगट खळगे असतात. दाताला ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडने एचिंग (पृष्ठभाग खरखरीत करणं), धुणं, कोरडं करणं, बाँड, मग खळग्यात कंपोझिट भरून टेम्प्लेट बसवायचं आणि निळ्या लाइटने कडक करायचं. वाचायला तीन ओळी. प्रत्यक्षात पीजी खळगा काठोकाठ भरतो, वर आणखी थोडं 'सेफ्टीसाठी'. ते जास्तीचं कंपोझिट दाताभर पसरतं, त्याला आम्ही फ्लॅश म्हणतो. मग अलायनर बसत नाही आणि पेशंटला सांगतात, घट्ट आहे, सवय होईल. दुसरा पीजी घाबरून कमी भरतो, तर बटणाची कड गोल येते आणि जो पृष्ठभाग काम करणार होता तोच गायब. आणि सगळे, अगदी सगळे, टेम्प्लेट बसवताना बरोबर बटणावर अंगठा दाबतात. तिथे दाबलं की पातळ टेम्प्लेट चेपतं आणि बटण चपटं निघतं. दाबायचं असेल तर बाजूला दाबा, बटणावर नाही.

कंपोझिटचंही तेच. पातळ वाहणारं भरायला सोपं, पण त्यात हवेचे बुडबुडे राहतात. घट्ट वापरलं तर ते टेम्प्लेटलाच वर उचलतं, म्हणजे बटण दातापासून लांब आणि खाली फ्लॅशची गादी. मी मधलं वापरतो आणि कमी भरतो. कॅपवर चिकटवायचं असेल तर हे ॲसिड पुरत नाही, पोर्सिलेनला वेगळी तयारी लागते. ते न करता चिकटवलेलं बटण पहिल्याच भाकरीला हातात येतं.

ऑप्टिमाइज्ड प्रकारात तर हे आणखी नाजूक आहे. तिथे अलायनरमधला खळगा आणि दातावरचं बटण मुद्दाम एकसारखे नसतात. प्लास्टिकने फक्त एका पृष्ठभागाला टेकावं आणि बाकी जागा मोकळी राहावी अशी योजना असते. तुम्ही तिथे फ्लॅश ठेवलात तर प्लास्टिक नको त्या बाजूला टेकतं आणि दात नको तिकडे.

---

जुनाट | ११ जुलै, संध्याकाळी ६:१०

अंगठ्याचं पटलं. मीही दाबतो. आज एका केसमध्ये दाबला नाही, बटण सुरेख आलं. पण माझं म्हणणं कायम आहे, आधी वायर.

---

शिवाजीपार्कवासी | ११ जुलै, संध्याकाळी ६:४४

आधी वायर, मान्य. पण 'फक्त वायर' म्हणालात तर तुमच्या नातीच्या लग्नाला येणार नाही.

---

कोकमसरबत | १२ जुलै, सकाळी १०:००

माझ्या मुलीला (१४) अलायनर सांगितलेत. अठरा अटॅचमेंट आहेत म्हणे. शेजारच्या मुलीला पाचच. आमचे डॉक्टर उगाच जास्त लावताहेत का? जास्त बटणं म्हणजे जास्त पैसे असं काही असतं का?

---

डिजिटल_उंदीर | १२ जुलै, सकाळी १०:४०

ताई, बटणांच्या संख्येवरून फसवलं जातंय असं समजू नका. दात किती आणि कसे हलवायचे यावर ते ठरतं. शेजारणीच्या दातात नुसत्या फटी असतील तर पाच पुरतील. तुमच्या मुलीच्या प्रीमोलर फिरलेल्या असतील किंवा दात नुकते येत असल्याने आखूड असतील तर प्लास्टिकला धरायला जागाच कमी, मग बटणं जास्त. डॉक्टरांना सरळ विचारा की प्रत्येक बटण कशासाठी आहे. सांगता यायला हवं. टिचकीला तेव्हा सांगता आलं नसतं, आता येईल 😄

---

सव्वाआठची_फास्ट | १२ जुलै, रात्री ९:१५

माझा एक प्रश्न राहिलाच. लोणावळ्याला चिक्की खाताना डाव्या बाजूचं एक बटण तुटलं. पुढची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे. थांबू का?

---

शिवाजीपार्कवासी | १२ जुलै, रात्री ९:५०

थांबू नका, फोन करा. अलायनरमधला तो खळगा आता रिकामा आहे. ते बटण नुसतं धरण्यासाठी असेल तर डॉक्टर म्हणतील चालेल. पण दात फिरवणारं किंवा ओढणारं असेल तर पुढचे दोन अलायनर त्या दाताविनाच पुढे जातील. कोणतं होतं हे डॉक्टरांनाच माहीत. चालू अलायनर घालत राहा, पुढचा विचारल्याशिवाय बदलू नका. आणि चिक्की?

---

सव्वाआठची_फास्ट | १२ जुलै, रात्री ९:५३

ती पाकिटात अजून अर्धी आहे.

---

नटबोल्ट | १३ जुलै, सकाळी ८:०५

शिवाजीपार्कवासी सर, कुतूहल म्हणून. मुळात सुरुवातीपासून ही बटणं होती का? आणि एवढं सगळं प्लास्टिकने करायची कल्पना कुणाची?

---

शिवाजीपार्कवासी | १३ जुलै, दुपारी ४:२०

दातांवर रबराचं आवरण चढवून शेवटची बारीक हालचाल करायची ही युक्ती जुनी आहे. केसलिंग यांनी १९४५ मध्ये टूथ पोझिशनर मांडला होता. पण प्रत्येक टप्प्यासाठी हाताने साचा कापून दात हलवत बसणार कोण? ते संगणकाने सोपं केलं. १९९७ मध्ये झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी कॅलिफोर्नियात अलाइन टेक्नॉलॉजी सुरू केली, पुढच्याच वर्षी त्यांच्या अलायनरला, इन्व्हिजलाइनला, अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी मिळाली. गंमत म्हणजे चिश्ती दातांचे डॉक्टर नव्हतेच, व्यवस्थापन शिकलेले होते. स्वतः ब्रेसेस लावून घेतलेला पेशंट. जुनाट, तुम्हाला वाटतं तसं कदाचित तुमचंच खरं असेल.

सुरुवातीची बटणं साधी होती, लंबगोल किंवा चौकोनी. हालचालीनुसार आकार आणि जागा संगणकाने काढून दिलेली ऑप्टिमाइज्ड बटणं साधारण २०१० च्या आसपास आली. माझ्या मते पोरांचा घोळ तेव्हापासून वाढला. चौकोनी बटण असताना डॉक्टरला स्वतः ठरवावं लागायचं, उभं लावू की आडवं, उतार कुठे. ते आपोआप यायला लागलं आणि विचारायची सवय गेली. बटण सुधारलं ही चांगलीच गोष्ट आहे, त्यात वाद नाही.

मी हल्ली पीजींना एक खेळ देतो. प्लॅन उघडायचा, पण सगळी अटॅचमेंट लपवायची. दातांचं चित्र छापून हातात द्यायचं. प्रत्येक दाताला बाण काढा, मग त्या बाणाची प्रतिक्रिया कुठे जाणार तो दुसरा बाण काढा, मग तुमची बटणं पेन्सिलने काढा. शेवटी कंपनीची उघडायची. जिथे फरक पडतो तिथे भांडायचं. कधी पोरं चुकतात, कधी संगणक. मागच्या बॅचमध्ये एका मुलीने दाखवलं की सॉफ्टवेअरने लॅटरल ओढायला बटण दिलंय, पण दोन्ही बाजूंचे दात इतके चिकटलेले होते की तो लॅटरल खाली सरकायला जागाच नव्हती. आधी आयपीआर करून, म्हणजे दातांच्या कडा दशांश मिलिमीटरने घासून, वाट मोकळी करायला हवी होती. बटण बरोबर होतं, वेळ चुकली होती.

---

वायरवाकड्या | १३ जुलै, रात्री ११:३०

सर, हा खेळ आम्ही चौघांनी आज हॉस्टेलवर खेळला. सीनियरची जुनी केस होती. चौघांची मिळून सोळा बटणं, कंपनीची नऊ. सीनियर म्हणाला, पेशंटला साळिंदर करताय का?

---

टिचकी | २४ जुलै, रात्री १०:१५

धागा वर काढतेय, शेवटचं सांगायचं राहिलं.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण टेक्निशियनचा तो शेरा मोठ्याने वाचायला लावला. नवा स्कॅन केला. आज खालच्या चार प्रीमोलरवर आडवी बटणं लावली. चौघांनाही कमी भरलं, बाजूला दाबलं. फ्लॅश जवळजवळ नाही, एका ठिकाणी थोडा होता तो बटणाच्या कडेला हात न लावता काढला. नवा अलायनर बसवला. दाबला, बोट काढलं. वर आला नाही. मी आणि पेशंट दोघीही आरशात दोन मिनिटं नुसत्या बघत होतो.

मग तिने विचारलं, "हे दात हलणारेत का आता?" म्हटलं नाही, हे नाही हलणार, पुढचे हलणारेत. मग नटबोल्टची ताडपत्री सांगितली. तिच्या चाळीत दर जूनला तिचे वडीलच ताडपत्री बांधतात, त्यामुळे बांबू म्हणताच तिला कळलं.

मग म्हणाली, "एवढं होतं तर आधीच का नाही लावली?"

---

डिजिटल_उंदीर | २४ जुलै, रात्री १०:२१

मग? काय सांगितलंत?

---

टिचकी | २४ जुलै, रात्री १०:३४

खरं ते. की ती होती, मीच काढली, तुम्हाला बटणं कमी हवी होती आणि मला त्यांचं काम माहीत नव्हतं. आणि यामुळे तुमचे तीन-चार महिने वाढणार.

ती थोडा वेळ गप्प होती. मग पर्समधून फोन काढला, वेळांच्या यादीत आजची तारीख टाकली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी शनिवार द्या, बुधवारी बँकेत गर्दी असते."